पहिल्या पार्सलचा हिशेब

सांगलीजवळच्या हरिपूर गावात जमिनीखाली खोल पेवे खणून त्यांत हळद साठवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पेवात नीट उतरवलेली हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत असे. २००५ च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरले आणि साठवण वखारींकडे व शीतगृहांकडे वळली. जागा बदलली तरी व्यापाराची रीत मात्र तीच राहिली. माल डोळ्यांसमोर, सौदा उघड, आणि घेणारा व देणारा दोघेही एकमेकांना नावाने ओळखणारे. या बाजारातील पेढीचे भांडवल जेवढे तिजोरीत असते, तेवढेच तिच्या नावातही असते.

अशा एखाद्या पेढीवर हल्ली संध्याकाळी पुढील संवाद ऐकू यावा, यात नवल नाही. वडील दिवसभराचा रोजमेळ घालत बसलेले असतात. मुलगा मोबाइल पुढे करून म्हणतो, "अण्णा, आपल्या हळदीची जाहिरात चाळीस हजार लोकांनी पाहिली." अण्णा चष्मा वर करून विचारतात, "पाहिली ते कळलं. घेतली कितींनी? आणि घेतली त्यातून आपल्या पदरात काय पडलं?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलगा कसेबसे देतो, दुसऱ्याचे त्याच्यापाशी नसते. किती जणांनी पाहिले, किती जणांनी पसंतीचा अंगठा दाखवला, किती जण थांबले, हे सारे पडद्यावर दिसते. पदरात काय पडले, हे तेवढे दिसत नाही. तो आकडा कोणतीही जाहिरात कंपनी काढून देत नाही. तो ज्याचा त्यानेच काढायचा असतो.

इंटरनेटवरील विक्रीत नवख्यांना अपयश येते, तेव्हा दोष बहुधा तंत्रज्ञानाच्या माथी मारला जातो. वेबसाइट चांगली नव्हती, छायाचित्रे बरोबर नव्हती, जाहिरात नीट चालवता आली नाही, अशी कारणे पुढे येतात. ती खोटी नसतात, पण दुय्यम असतात. बहुतेक पैसा त्याआधीच, एका साध्या हिशेबाच्या अभावी, बुडालेला असतो. ज्या घरात पोत्यामागे हमाली, तोलाई, आडत आणि वाहतूक पैपैशाने मांडली जाते, त्याच घरातला मुलगा एका पार्सलचा हिशेब न मांडता जाहिरातीला हजारो रुपये लावतो, ही यातली खरी विसंगती होय.

तो हिशेब एकदा मांडून पाहावा. येथील आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत. समजा, २०० ग्रॅम हळद पुडीची पिशवी करासह १२० रुपयांना विकली. त्यातील ५ टक्के जीएसटीचे सुमारे ६ रुपये सरकारचे, उरले ११४. हळद किलोला २४० रुपयांची धरली, तर ४८ रुपये मालाचे. पिशवी, लेबल आणि खोका यांचे १२. राहिले ५४. कुरिअरवाला बहुधा किमान अर्ध्या किलोचे भाडे लावतो, मग आत २०० ग्रॅम असो की ५००. ते भाडे आणि विक्री संकेतस्थळाचे कमिशन मिळून ६५ रुपये धरले, तर जाहिरातीवर एक पैसाही खर्च करण्यापूर्वी त्या पिशवीमागे ११ रुपये घरातून गेले. विक्री जितकी वाढेल तितका तोटाही वाढेल. असे दोनशे पार्सल पाठवून झाल्यावर घरात पेढे वाटले गेले, तर त्या पेढ्यांचा खर्चही त्याच खात्यावर टाकावा!

आता तीच हळद चार पिशव्यांच्या संचात, ८०० ग्रॅमला ४४० रुपये लावून विकली असे धरू. कर २१ रुपये, माल १९२, पॅकिंग ३८, भाडे व कमिशन १२०. उरतात ६९ रुपये. माल तोच आणि भावही पिशवीमागे दहा रुपये कमी, पण पार्सल जड झाल्याने व्यवहार उभा राहिला. हलका आणि स्वस्त माल दूर पाठवू नये, हे घाऊक व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. किरकोळ विक्रीला उतरल्यावर ते तेवढे विसरले जाते.

या ६९ रुपयांवर आणखी एक टाच येते. पैसे घरपोच देण्याची सोय, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी, ठेवली की ऑर्डरी झपाट्याने वाढतात आणि नवखा विक्रेता हरखून जातो. पण काही ग्राहक दाराशी आलेले पार्सल घेत नाहीत. कोणी गावाला गेलेले असते, कोणाचे मन बदललेले असते. दहांपैकी तीन पार्सले परत आली असे धरा. सात पार्सलांचे ४८३ रुपये मिळाले. परतलेल्या तिन्हींचे जाण्या-येण्याचे भाडे आणि फाटलेला खोका मिळून प्रत्येकी १३० धरले, तर ३९० गेले. दहा पार्सलांच्या खटाटोपात हाती आले ९३ रुपये. ऑर्डर आल्यावर फोन करून पत्ता पक्का करणे आणि आगाऊ पैसे देणाऱ्याला थोडी सूट देणे, हे दोनच उपाय ही गळती बरीचशी थांबवतात. त्यांना कोणतेही शिक्षण लागत नाही.

एवढे झाल्यावर मग जाहिरातीचा विचार. गुगलवरील शोधाच्या जाहिरातीत प्रत्येक शब्दासाठी त्या त्या क्षणी लिलाव होतो, आणि पैसे बहुधा जाहिरात दिसल्याचे नव्हे, तर तिच्यावर कोणी बोट ठेवल्याचे लागतात. नवखा विक्रेता 'हळद' हा एकच शब्द मोकळा सोडून देतो. हळद शोधणारे मात्र नाना हेतूंनी शोधत असतात. कोणाला मुलीच्या हळदीसाठी पिवळी साडी हवी असते, कोणाला मांडवाची सजावट, कोणाला हळदीच्या दुधाची कृती, तर कोणा शेतकऱ्याला आजचा बाजारभाव. यांतील एकही जण हळदीची पिशवी घेणार नसतो, पण प्रत्येकाच्या बोटाचे पैसे पेढीच्या खात्यातून वजा होतात. यावर उपाय तेथेच दिलेला असतो: कोणत्या शब्दांवर जाहिरात दाखवू नये याची यादी भरता येते, तिला निगेटिव्ह कीवर्ड म्हणतात. साडी, सजावट, गाणी, बाजारभाव, बियाणे असे शब्द पहिल्याच दिवशी त्या यादीत घालावेत, आणि लोकांनी प्रत्यक्षात काय शोधले होते याचा तक्ता दर आठवड्याला उघडून ती वाढवत जावी. ठरवलेल्या रोजच्या रकमेच्या दुपटीपर्यंत खर्च एखाद्या दिवशी होऊ शकतो. हिशेब महिन्याच्या सरासरीने जुळवला जातो. रोजच्या रोज मेळ घालणाऱ्या माणसाला हे आधी सांगितलेले बरे, नाहीतर घरात उगाच वाद होतो.

समजा, एका क्लिकला ५ रुपये पडले आणि पन्नासांत एकाने माल घेतला. म्हणजे एक ग्राहक मिळवण्यास २५० रुपये लागले, आणि त्याच्याकडून सुटले ६९. येथे पुष्कळ जण हात टेकतात आणि 'ऑनलाइन धंद्यात काही राम नाही' असे म्हणून बाजूला होतात. दुसरे काही जण उलट टोकाला जाऊन, आणखी पैसा ओतला की गणित जमेल, अशी आशा धरतात. दोघांचीही एकच गोष्ट नजरेतून निसटते. जाहिरातीतून आलेला पहिला सौदा हा विकत घेतलेला सौदा असतो. त्याची किंमत भरून निघायची ती दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या खरेदीतून, ज्यांना जाहिरातही लागत नाही आणि कमिशनही. ग्राहक परत येणार नसेल, तर हळदीसारख्या मालाला जाहिरात परवडत नाही, हे सरळ आहे.

तो परत यायचा तर त्याचे नाव आणि नंबर पेढीपाशी हवा. मोठ्या विक्री संकेतस्थळांवर ग्राहक संकेतस्थळाचा असतो, विक्रेत्याचा नव्हे; त्याच्याशी परस्पर व्यवहार करण्यास तेथील नियम आडवे येतात. म्हणून मोठ्या बाजारात दुकान मांडले तरी स्वतःची लहानशी वेबसाइट आणि व्हॉट्सअॅप बिझनेसचा स्वतंत्र नंबर पहिल्यापासून असावा. नंबरांच्या याद्या विकत घेऊन सरसकट संदेश पाठवण्याचा मोह टाळावा. लोक तक्रार करतात आणि पेढीचा नंबरच बंद पडतो. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतील संदेश, ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, आणि ही अट व्यापाऱ्याच्या हिताचीच आहे. ज्याने नाव जपून ठेवले, तोच पुन्हा घेणारा.

नावाचा विषय निघाला म्हणून एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. अनेक घरांत वेबसाइटचे काम एखाद्या एजन्सीकडे किंवा ओळखीच्या मुलाकडे सोपवले जाते. तो डोमेन स्वतःच्या नावे घेतो, जाहिरातीचे खाते स्वतःच्या ईमेलवर उघडतो, पासवर्ड त्याच्यापाशीच राहतो. वर्षभराने पैशांवरून बिनसले, की पेढीचे नाव परक्याच्या हाती अडकते. दुकानाची पाटी दुसऱ्याच्या मालकीची आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशी स्थिती कोणताही व्यापारी एक दिवस चालू देणार नाही. इंटरनेटवर मात्र ती वर्षानुवर्षे चालू असते. डोमेन, ईमेल, जाहिरातीचे खाते आणि पृष्ठांची मालकी पेढीच्या नावे ठेवून इतरांना केवळ कामापुरता प्रवेश द्यावा.

गुगलच्या नकाशावर पेढीची नोंद करण्यास एक रुपयाही पडत नाही. अचूक पत्ता, वेळा, फोन आणि चार खरी छायाचित्रे एवढे टाकले तरी गावोगावचे दुकानदार शोधत येतात. घाऊक व्यापाऱ्याला सशुल्क जाहिरातीपेक्षा ही नोंद अनेकदा अधिक उपयोगी पडते, तरीही तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

कायद्याच्या बाजूने तीन-चार खड्डे आहेत. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून विक्री संकेतस्थळांवरून राज्यांतर्गत माल विकता येतो, पण परराज्यात विकता येत नाही. बेळगावची एक ऑर्डर घेतली, तरी नियम मोडतो. संकेतस्थळ विक्रीच्या रकमेतून अर्धा टक्का जीएसटीपोटी आणि ०.१ टक्का आयकरापोटी कापून घेते; हा खर्च नव्हे, तो पुढे वळता करून घेता येतो, पण विवरणपत्रात जुळवला नाही तर तसाच पडून राहतो. पाकिटावरील कमाल किंमत, निव्वळ वजन आणि उत्पादकाचे नाव-पत्ता हा तपशील १ जानेवारी २०१८ पासून विक्रीच्या पृष्ठावरही दाखवावा लागतो. खाद्यपदार्थाला एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक हवाच.

मालाविषयी काय लिहावे, हा प्रश्न याहून मोठा. 'कर्करोगावर रामबाण', 'मधुमेह मुळापासून बरा' अशी वाक्ये हळदीच्या जाहिरातींत सर्रास दिसतात, आणि नवखा विक्रेता ती जशीच्या तशी उचलतो. अन्नपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केल्यास अन्न सुरक्षा कायद्यान्वये १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'सांगलीची हळद' या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे; परप्रांतातून आलेला माल सांगलीच्या यार्डात विकला गेला, एवढ्याने तो त्या नावाचा होत नाही. छायाचित्रात रंग भडक करण्याची युक्तीही अंगाशी येते. ग्राहक पिशवी उघडतो, रंग फिका दिसतो, आणि शुद्ध माल भेसळीच्या संशयाने परत येतो. स्वच्छ उजेडात, पांढऱ्या ताटलीत, गाठ आणि पूड शेजारी ठेवून काढलेले छायाचित्र पुरेसे असते. लागवड कोठली, वाण कोणता, दळण कोणत्या महिन्याचे, हे लिहिले तर ते पारखी गिऱ्हाईक आवर्जून वाचते.

घरच्याच माणसांनी ग्राहक बनून लिहिलेले स्तुतिपर अभिप्राय हा असाच एक गैरप्रकार. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याला त्यास स्पष्ट मनाई केली आहे. पण नियम नसता तरी ज्या बाजारात तोंडच्या शब्दावर लाखोंचे सौदे होतात, तेथल्या पेढीने हे का करावे? एखाद्याने खरी तक्रार लिहिली तर ती पुसण्याची खटपट करण्यापेक्षा तिच्याखाली नावानिशी उत्तर द्यावे, पिशवी बदलून द्यावी. वाचणारे तक्रारीइतकेच उत्तरही वाचतात.

सुरुवात किती रकमेने करावी, याला एकच उत्तर नाही. परंतु जी रक्कम पूर्ण बुडाली तरी हंगामाच्या खरेदीला धक्का लागणार नाही, तीच वेगळी काढावी. तिचे खतावणीत स्वतंत्र खाते उघडावे आणि तीन महिने पेढीच्या पैशाशी तिची सरमिसळ होऊ देऊ नये. तीस दिवसांत लखपती करणाऱ्या शिकवण्यांची फी या खात्यातून न भरता तेवढ्या पैशात पहिल्या वीस गिऱ्हाइकांना कोणता माल आवडला आणि कोणता नाही, हे फोनवर विचारत बसावे. हे काम मुलापेक्षा अण्णा चांगले करतात, असाही अनुभव येतो.

हळदीच्या बाबतीत वेळेचे भान विशेष हवे. नवी हळद जानेवारीनंतर बाजारात येऊ लागते, आणि महाराष्ट्रातील घरांत वर्षाच्या मसाल्यांची खरेदी मार्च ते मे या काळात होते. तेव्हा छायाचित्रे, दर, खोके आणि जुन्या गिऱ्हाइकांची यादी फेब्रुवारीच्या आत तयार असावी. त्यानंतर यार्डात सौद्यांची गर्दी उसळते, आणि पेढीवर फोन घ्यायलाही कोणाला सवड उरत नाही.