लंगडणारं कुत्रं: काटा, मुरगळ की नसेची गाठ?

भोर-वेल्ह्यात कुत्रं लंगडायला लागलं की पहिला संशय काट्यावर, नाहीतर रानडुकराच्या धडकेवर जातो. बहुतेकदा तो खराही असतो. पण पोक्त किंवा म्हातारं कुत्रं पुढच्या एकाच पायाने कित्येक आठवडे लंगडतंय, औषधांनी फरक नाही आणि दुखणं वाढतच चाललंय, तर मज्जातंतूच्या गाठीचा विचार करायलाच हवा.

पुढच्या पायाच्या नसा मानेच्या खालच्या भागातून निघून काखेत एकत्र येतात. ही गाठ बऱ्याचदा तिथेच सापडते.

घरी हे तपासा:
🔹 एका खांद्याचं मांस झडून खवाट्याचं हाड हाताला लागतंय का?
🔹 काखेत हलकं दाबल्यावर विव्हळतं का?
🔹 पंजा ओढल्याने नखं झिजलीत का?
🔹 त्याच बाजूच्या डोळ्याची बाहुली बारीक आणि पापणी पडलेली आहे का?

साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसतं, नसेची गाठ सहसा दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. पक्कं निदान मात्र गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच होतं. उशीर झाला तर गाठ नसेच्या वाटेने मज्जारज्जूपर्यंत पोहोचू शकते आणि शस्त्रक्रिया अवघड होते.

भोरपासून जवळ, नीरा नदीपलीकडे शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना कुत्र्याच्या चालण्याचा व्हिडिओ आणि जुने कागद सोबत न्या.

आणि कृपा करून माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.