परसांतील रानफुलें : कालव्याच्या मुलखांतील लागवड

प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरांत उगम पावते. अकोले तालुक्यांतील त्या डोंगरी मुलखांत पावसाळा लागला म्हणजे झाडांच्या सांवलीस कळलावी, तेरडा, रानहळद व पेव हीं फुलें कोणी न लावतां फुलतात. त्याच नदीचें पाणी १९२६ सालीं पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणांतून कालव्यानें देवळाली प्रवरेच्या शिवारास मिळतें. तरीहि हीं फुलें येथील परसांत वाढवावयाचीं, तर प्रथम त्या पाण्यासच आवर घालावा लागतो.

डोंगरउतारावर पाऊस पुष्कळ पडतो, परंतु पाणी सांचत नाहीं. पुढें कळलावी व रानहळद यांचा पाला वाळतो आणि कंद उन्हाळा संपेपर्यंत कोरड्या भुईंत निजून राहतो. आपली काळी जमीन ओल धरून ठेवणारी. तींत उंसाप्रमाणें बारमाही पाणी दिल्यास निजलेला कंद कुजतो.

यास्तव निंबाच्या किंवा आंब्याच्या पूर्वेस, सकाळचें ऊन व दुपारची सांवली मिळेल अशी जागा निवडावी. तेथें वीतभर उंच गादीवाफा करून माती, बारीक मुरूम व कुजलेला पाला समभाग घालावा. पाट वाफ्यापासून दूर ठेवावा.

कळलावीस संस्कृतांत लांगली म्हणतात, कारण तिचा कंद नांगरासारखा दिसतो. डोळा कंदाच्या टोंकाशीं असतो; तो मोडूं न देतां मृगापूर्वीं कंद दोनतीन इंच खोल आडवा लावावा. पानाच्या शेंड्यांनीं ही वेल चढते, म्हणून काटक्यांचा आधार द्यावा. हिचे सर्व भाग, विशेषतः कंद व बी, अति विषारी आहेत. रताळें समजून कोणी कंद खाऊं नये, यासाठीं मुलें व गुरें पोहोंचणार नाहींत अशा कुंपणांतच ती लावावी.

तेरड्याचें बी जूनमध्यें पेरावें. गौरींच्या सुमारास तो फुलतो. कांहीं बोंडें झाडावरच राखलीं, तर तीं फुटून पुढील वर्षाचें बी आपोआप पडतें. पेवास ओल अधिक मानवते. तो वाफ्याच्या खालच्या कडेस लावावा.

बेणें मात्र रानांतून खणून आणूं नये. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हें १९८६ पासून अभयारण्य असून, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें तेथील झाडेंझुडपें उपटण्यास मनाई आहे. शिवाय कंद गेला कीं त्या जागचें फूल कायमचें गेलें. तमिळनाडूंत शेतकरी औषधी बियांसाठीं कळलावीची रीतसर शेती करतात. तेव्हां रान न लुटतांहि ती वाढते. आपल्या बांधावर वेल असल्यास तिचें बी धरावें, अथवा खात्रीच्या रोपवाटिकेंतून कंद घ्यावे. बियांपासून फूल येण्यास कांहीं वर्षें लागतात, तेवढा धीर धरावा.

पाला पिवळा पडूं लागला कीं वाफ्याचें पाणी तोडावें, जागेवर खुंटी ठोकून खूण करावी, आणि पुढील पावसापर्यंत तेथें कुदळ लावूं नये.