श्वास हे देवाचे दान, धूर ही आपली करणी

परमेश्वराने मातीपासून घडविलेल्या मानवाच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकला, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो. दिवसाकाठी सुमारे २० हजार वेळा आपण हे दान स्वीकारतो. मात्र श्वासाबरोबर आपण आणखी काय आत घेतो, याचा विचार क्वचितच करतो.

हवेतील अत्यंत घातक घटक डोळ्यांना दिसत नाही. २.५ मायक्रॉन वा त्याहून लहान कणांना शास्त्रज्ञ ‘पी.एम. २.५’ म्हणतात. केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढे हे कण थेट फुफ्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही मिसळतात. म्हणून प्रदूषणाचा परिणाम खोकला व दमा एवढ्यावर थांबत नाही. हृदयविकार, पक्षाघात व फुफ्फुसाचा कर्करोग यांनाही ते कारणीभूत ठरते. हवेच्या प्रदूषणामुळे जगात दरवर्षी सुमारे ७० लाख अकाली मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण दर घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे संघटनेने २०२१ साली सुचविले. भारताने २००९ साली ठरविलेली मर्यादा ४० आहे.

हिवाळ्यात हा धोका वाढतो. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. त्यामुळे धूर वर न जाता आपल्याच वस्तीत कोंडून राहतो. आगमनकाळ व नाताळ नेमके याच दिवसांत येतात.

वाहने, कारखाने व बांधकामे यांच्यावर नियंत्रण ठेवणे हे शासनाचे कर्तव्य आहे. मुंबईच्या हवेची दखल उच्च न्यायालयाने २०२३ साली स्वतःहून घेतली. परंतु जी आग आपण स्वतः लावतो, तिचे काय? जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली, तेव्हा धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या. वाडीत पालापाचोळ्याबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या पेटविताना आपण अंगणात लहानसे देवनारच उभे करीत असतो. काही प्रकारचे प्लास्टिक जळताना डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात. सार्वजनिक ठिकाणी उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातली असून, त्यासाठी किमान ५ हजार रुपये दंड सांगितला आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री जाळल्या जाणाऱ्या ‘म्हाताऱ्या’त जुने टायर व फटाके भरणाऱ्या आमच्या तरुणांनीही याचा विचार करावा.

या धुराची झळ प्रथम कोणाला बसते? पाळण्यातील बाळाला, गर्भवती मातेला, दम्याने बेजार झालेल्या आजोबांना आणि रस्त्याकडेला राबणाऱ्या मजुराला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, प्रदूषणाचा भार विशेषतः गरिबांना सोसावा लागतो, याकडे लक्ष वेधले आहे. म्हणून धूर हा केवळ आरोग्याचा विषय नाही. तो शेजारप्रीतीच्या आज्ञेचा विषय आहे.

येत्या नाताळपूर्वी प्रत्येक कुटुंबाने एवढे तरी ठरवावे : पालापाचोळा खड्ड्यात कुजवून त्याचे खत करू, प्लास्टिक वेगळे ठेवून कचरागाडीत देऊ आणि फटाके टाळू. धुरकट पहाटे वृद्धांनी फिरायला जाणे लांबवावे. तोंडाला बांधलेला रुमाल हे सूक्ष्म कण अडवू शकत नाही, हेही ध्यानात असावे.

गोठ्यात जन्मलेल्या बाळ येशूचे स्वागत करताना शेजारच्या पाळण्यातील बाळालाही निर्मळ श्वास लाभावा, हीच आमची प्रार्थना.