घरी बोलकी, शाळेत अबोल

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद या सीमाभागातील मराठी घरांत एक चित्र परिचयाचे आहे. मुलगी घरी आजीला गोष्टी सांगते, धाकट्या भावाला दटावते, अंगणात खेळ मांडते. परंतु कन्नड शाळेच्या उंबरठ्यावर पाऊल पडताच तिची वाचा जणू हरपते. गुरुजींनी नाव विचारले तरी ती मान खाली घालून उभी राहते. मग ‘मुलगी मंद आहे’ असा शेरा पडतो. हा शेरा पुष्कळदा चुकीचा असतो. तथापि त्याच्या आधारे ‘हिला शिकवून काय उपयोग?’ हा प्रश्न घरात डोके वर काढतो, आणि एका संकोचापायी एक शिक्षण संपते.

या मौनामागे थोडा इतिहासही आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. उरलेल्या बीदरचा आणि गुलबर्ग्याचा, म्हणजे आजच्या कलबुर्गीचा, बहुतेक भाग म्हैसूर राज्यात आला. पुढे १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. सोयरीक एका राज्यात आणि कचेरी दुसऱ्या राज्यात, अशी कित्येक कुटुंबांची स्थिती झाली. त्यामुळे घरी मराठी, वर्गात कन्नड आणि बाजारात दख्खनी असे तीन व्यवहार लहान वयातच वाट्याला येतात. घरची भाकरी शेजारी ‘रोट्टी’ होते, पुरणपोळी ‘होळिगे’ होते. मराठीत ‘ताई’ म्हणजे थोरली बहीण, तर कन्नडमध्ये ‘तायी’ म्हणजे आई. अशा एखाद्या शब्दावर वर्ग एकदा हसला, की हळवे मूल पुढे तोंडच उघडत नाही.

नवी भाषा शिकणारी अनेक मुले प्रथम काही काळ केवळ ऐकतात. त्या काळात ती बोलत नसली, तरी त्यांची समज वाढत असते. काही मुले मुळातच संकोची असतात. अपरिचित माणसांत त्यांना स्थिरावण्यास अधिक वेळ लागतो. हाही दोष नव्हे, तो स्वभाव होय. मात्र भाषा चांगली अवगत असूनही मूल महिनोन्‌महिने शाळेत एक शब्दही बोलत नसेल, तर तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घेणे इष्ट.

आत्मविश्वास उपदेशाने येत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये असे प्रतिपादन केले की, स्वतःच्या हातून पार पडलेले काम हाच ‘हे मला जमेल’ या विश्वासाचा सर्वांत बळकट आधार होय. कोरड्या शब्दांच्या उत्तेजनाचे बळ त्याहून कमी. म्हणून अबोल मुलीला वर्गासमोर उभे करून बोलते करण्याचा हट्ट अपायकारकच ठरतो. प्रथम तिने फळ्यावर तारीख लिहावी. नंतर एका मैत्रिणीशी एक वाक्य बोलावे. मग सर्वांबरोबर कविता म्हणावी आणि अखेरीस एकटीने. प्रत्येक पायरी इतकी लहान असावी की, ती चढताना पाय अडखळू नये.

परंतु कन्नड ओठांवर रुळू लागली, की दुसरे संकट उभे राहते. आता तिला मराठीची लाज वाटू लागते. आईने मैत्रिणींदेखत मराठी बोलू नये, असे ती सुचवते. एक भाषा आली म्हणून दुसरी टाकावी लागते, ही समजूत निराधार आहे. १९६२ मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी माँट्रिअलमधील दहा वर्षांच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा द्विभाषिक मुले बुद्धिमापनात पुढे आढळली. मुलांच्या निवडीवर पुढे आक्षेप आले खरे. पण दोन भाषांनी बुद्धी गोंधळते हा जुना समज मात्र टिकला नाही. भारताच्या राज्यघटनेतही १९५६ मध्येच अनुच्छेद ३५०-क समाविष्ट झाला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय व्हावी, असा त्याचा आशय आहे.

या भूमीला बहुभाषिकता नवी नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५) यांनी मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांतून पदे रचली. त्यांना एका भाषेसाठी दुसरी सोडावी लागली नाही.

घरच्यांनी आजीच्या गोष्टी चालू ठेवाव्यात आणि शिक्षकांनी घरचा शब्द ऐकून हसू नये, एवढे झाले तरी पुष्कळ. मग एखाद्या दिवशी आई शाळेत येते. गुरुजी कन्नडमध्ये बोलतात, आई मराठीत उत्तर देते, आणि दोघांच्या मध्ये उभी असलेली तीच अबोल मुलगी इकडचे बोलणे तिकडे पोहोचवते. त्या क्षणी तिला घरची मुलगी आणि शाळेची मुलगी अशी निवड करावी लागत नाही; तेथे दोघींचीही गरज असते.