जुन्या टीव्हीवर नव्या कॉम्प्युटरचे चित्र

पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही अजून बऱ्याच घरांत आहे. तो चालतो, म्हणून टाकवत नाही. आणि त्यावर पाहण्यासारखे काही राहिले नाही, म्हणून कोणी लावत नाही. वर झालर लावलेले कापड, कापडावर फुलदाणी, अशा अवस्थेत तो बैठकीत बसून असतो. त्याच घरात मुलाच्या कॉलेजसाठी नवा लॅपटॉप आलेला असतो. लॅपटॉपचा पडदा १४-१५ इंचांचा. एक मूल अभ्यासाला बसले की दुसरे मागून डोकावते आणि मग भांडण होते. अशा वेळी कोणीतरी विचारतेच, "हेच चित्र टीव्हीवर दिसणार नाही का?"

दिसते. त्यासाठी काही शे रुपयांत एक छोटा कन्व्हर्टर मिळतो. मात्र तो काय करू शकतो आणि काय नाही, हे दुकानात जाण्यापूर्वी कळलेले बरे. नाहीतर चार दिवस कौतुक होते आणि पाचव्या दिवशी तो डबा कपाटात जातो. आम्ही आमच्या घरच्या २१ इंची टीव्हीवर हा कन्व्हर्टर बरेच दिवस वापरला आहे. त्यातून जे हाती लागले ते वाचक भगिनी-बंधूंसाठी येथे देत आहोत.

दोन यंत्रे, दोन भाषा

आपल्या देशात रंगीत दूरदर्शन १९८२ साली आले. त्यासाठी जी पद्धत घेतली तिला 'पाल' म्हणतात. या पद्धतीत चित्र ६२५ आडव्या ओळींचे असते आणि त्यांपैकी ५७६ ओळींवर प्रत्यक्ष चित्र असते. या ओळीही एकदम उमटत नाहीत. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या, असे अर्धे अर्धे चित्र सेकंदाला ५० वेळा रंगवले जाते. टीव्हीच्या मागच्या पिवळ्या पिनेतून जाणारा संदेश या ओळींचा असतो. उजेड आणि रंग दोन्ही त्या एकाच तारेतून जातात.

आजच्या कॉम्प्युटरची एचडीएमआय ही जोडणी २००२ साली ठरली. तिच्यातून चित्र आकड्यांच्या रूपात जाते, प्रत्येक ठिपक्याचा हिशेब वेगळा. म्हणजे एक यंत्र आकडे बोलते आणि दुसऱ्याला ओळी समजतात. मधला कन्व्हर्टर दुभाष्याचे काम करतो. तो आकडे घेतो, चित्र लहान करतो, त्याच्या ओळी करतो आणि पिवळ्या पिनेतून पुढे पाठवतो. आवाज वेगळा काढून पांढऱ्या आणि लाल पिनेत देतो.

हे काम नुसत्या तारेने होत नाही. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना अशी साधी केबल बाजारात मिळते आणि कन्व्हर्टरपेक्षा स्वस्तही असते. लॅपटॉप आणि जुना टीव्ही यांच्यामध्ये तिचा उपयोग नाही, कारण तिच्यात दुभाष्याच नाही.

आधी टीव्हीची मागची बाजू पाहा

खरेदीपूर्वी टीव्ही थोडा पुढे ओढून मागे आणि बाजूला काय काय आहे ते बघावे. पिवळे, पांढरे, लाल असे तीन गोल सॉकेट असतील तर काम सोपे. काही टीव्हींना पिवळे आणि पांढरे एवढेच असते. त्यांना आवाजाचा एकच मार्ग असतो. तेथे लाल पिन मोकळी राहिली तरी चालते, पण मग एका बाजूचा आवाज येत नाही. दोन्ही आवाज एकत्र करणारा छोटा जोड मिळतो, तो लावावा. हिरवे, निळे, लाल असे तीन सॉकेट दिसले तर ती जोडणी वेगळी आहे; आपली पिवळी पिन तेथे लावू नये. फारच जुन्या टीव्हीला फक्त अँटेनाचे भोक असते. त्याला आरएफ मॉड्युलेटर नावाचा आणखी एक डबा लागतो. तेवढी खटपट करावी की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. आणि टीव्ही जुना असला तरी चपटा असेल, तर एचडीएमआयचे सॉकेट आहे का ते आधी पाहावे. असेल तर कन्व्हर्टरची गरजच नाही, एक केबल पुरते.

लॅपटॉपचेही पाहून घ्यावे. काही नव्या लॅपटॉपना एचडीएमआयचे भोक नसते, फक्त टाइप-सी असते. त्यातून चित्र बाहेर येते की नाही हे प्रत्येक लॅपटॉपवर अवलंबून आहे. येत असेल तर टाइप-सीपासून एचडीएमआय करणारा जोड आधी लागेल आणि त्यापुढे कन्व्हर्टर.

दुकानात काय मागावे

दिसायला सारखे असे दोन कन्व्हर्टर मिळतात. एकावर 'एचडीएमआय टू एव्ही' आणि दुसऱ्यावर 'एव्ही टू एचडीएमआय' लिहिलेले असते. दुसरा डबा जुना व्हीसीडी प्लेअर नव्या टीव्हीला जोडण्यासाठी असतो. तो उलट दिशेने चालत नाही. आपले चित्र कॉम्प्युटरकडून टीव्हीकडे जाणार आहे, म्हणून पहिलाच डबा हवा. एचडीएमआयच्या भोकाजवळ 'इनपुट' आणि रंगीत सॉकेटांजवळ 'आउटपुट' लिहिले आहे ना, हे दुकानातच वाचून घ्यावे. त्याबरोबर एचडीएमआय केबल आणि तीन पिनांची वायर लागते. तीन पिनांची वायर बहुधा जुन्या डीव्हीडी प्लेअरबरोबर आलेली घरात पडलेली असते.

जोडणी

दोन्ही यंत्रे बंद ठेवून तारा जोडाव्यात. लॅपटॉपपासून एचडीएमआय केबल कन्व्हर्टरमध्ये आणि कन्व्हर्टरपासून तीन पिना रंगाला रंग जुळवून टीव्हीत. कन्व्हर्टरला स्वतःची वीज लागते. ती यूएसबीच्या वायरीने लॅपटॉपमधून किंवा मोबाइलच्या साध्या ५ व्होल्टच्या चार्जरमधून द्यावी. मग टीव्ही लावून रिमोटवरील 'एव्ही' किंवा 'टीव्ही/व्हिडिओ' हे बटण दाबावे.

विंडोज असलेल्या लॅपटॉपवर विंडोजचे बटण धरून 'पी' दाबले की चार पर्याय येतात. 'डुप्लिकेट' निवडले तर दोन्हीकडे तेच चित्र दिसते. 'एक्स्टेंड' निवडले तर टीव्ही हा वेगळा पडदा होतो. आवाज टीव्हीतून येत नसेल तर लॅपटॉपच्या कोपऱ्यातील स्पीकरच्या खुणेवर जाऊन आवाज कोठून काढायचा ते बदलावे.

चित्र वर-खाली सरकत राहिले किंवा रंगच आले नाहीत, तर कन्व्हर्टरच्या कडेचा छोटा खटका बघावा. त्यावर 'पाल' आणि 'एनटीएससी' असे लिहिलेले असते. एनटीएससी ही अमेरिकेतली जुनी पद्धत, ५२५ ओळींची. आपल्याकडे खटका 'पाल'वर ठेवावा. माणसांचे चेहरे लांबट दिसले तर त्याचे कारण पडद्याचा आकार. लॅपटॉपचा पडदा रुंद आणि जुना टीव्ही जवळजवळ चौकोनी, म्हणून चित्र दोन्ही बाजूंनी दाबले जाते. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ८०० बाय ६०० किंवा १०२४ बाय ७६८ हा आकार असेल तर तो निवडावा, चेहरे पूर्ववत होतात. चित्राच्या कडा टीव्हीच्या चौकटीआड गेल्या आणि खालची पट्टी अर्धी दिसली, तर तो बिघाड समजू नये. जुने टीव्ही चित्र थोडे मोठे करूनच दाखवतात. काही सशुल्क सिनेमांच्या ॲपवर मात्र पडदा काळाच राहू शकतो. त्या चित्रांना कुलूप असते आणि असल्या कन्व्हर्टरमधून ते उघडत नाही.

अक्षरे पुसट का दिसतात

सगळे नीट जोडले, चित्र आले, आणि मुलाने अभ्यासाच्या नोट्स उघडल्या की निराशा होते. अक्षरे ओळखू येत नाहीत. जोडाक्षरे, वेलांट्या, अनुस्वार एकमेकांत मिसळून जातात, बारीक रेघा लुकलुकतात. मग कोणी म्हणते कन्व्हर्टर हलका आहे, कोणी म्हणते महाग केबल आणा. दोन्ही करून फरक पडत नाही.

कारण साध्या हिशेबात आहे. लॅपटॉपच्या नेहमीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. पाल पद्धतीच्या चित्रात जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार मावतात. पाच ठिपक्यांच्या जागी एक. त्यातही उजेड आणि रंग एकाच तारेतून जात असल्याने रंगांच्या कडा आणखी पसरतात. माणसाचा चेहरा, झाड, क्रिकेटचे मैदान या गोष्टी पाचातल्या एका ठिपक्यावरही छान ओळखता येतात. बारीक अक्षर येत नाही. हे टीव्ही लांबून चित्र पाहण्यासाठी केले होते, जवळ बसून वाचण्यासाठी नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे: कन्व्हर्टर पाहण्यासाठी घ्यावा, वाचण्यासाठी घेऊ नये. एवढे ध्यानात ठेवले तर पैसे वाया जात नाहीत.

घरात त्याचा उपयोग

मुलांच्या अभ्यासात हा फरक लगेच लक्षात येतो. विज्ञानाचा प्रयोग, नकाशा, प्राण्यांची माहिती, मोठ्या अक्षरांत फळ्यावर शिकवणारे शिक्षक, हे सारे टीव्हीवर चांगले दिसते आणि तीन मुले एकत्र बसून पाहतात. प्रश्नपत्रिका, नोट्स, ऑनलाइन अर्ज लॅपटॉपवरच ठेवावेत. 'एक्स्टेंड' पर्यायाचा येथे उपयोग होतो. धाकट्यांचा व्हिडिओ टीव्हीवर चालू राहतो आणि थोरला त्याच वेळी लॅपटॉपवर आपले लिहीत बसतो. टीव्हीवर काही वाचायलाच हवे असेल, तर ब्राउझरमध्ये कंट्रोल धरून अधिकचे चिन्ह दाबावे आणि अक्षरे दुप्पट-तिप्पट करावीत.

दुसरा उपयोग घरातल्या थोरांसाठी. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतली कर्ती मुले कुवेत, कतार, दुबईला आहेत. व्हिडिओ कॉल येतो तेव्हा मोबाइल हातोहात फिरतो. दादीच्या हातात येईपर्यंत तिकडच्याची कामाला जायची वेळ होते, आणि तिला पाच इंचांच्या पडद्यावर चेहरा नीट दिसतही नाही. आमच्या नात्यातला एक निकाह परदेशात झाला. इकडची वीस माणसे जाऊ शकणार नव्हती. लॅपटॉपचा कॉल या जुन्या टीव्हीवर लावला आणि सगळी सतरंजीवर बसून पाहत होती. चित्र काही आरशासारखे स्वच्छ नव्हते. पण नानी आपल्या जागेवरून म्हणाल्या, "पोरगा वाळलाय गं." मोबाइलवर त्यांना हे कधी दिसले नव्हते.

असा कॉल लावताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. कॅमेरा लॅपटॉपचाच असतो, म्हणून लॅपटॉप टीव्हीजवळ, तोंड खोलीकडे करून ठेवावा. म्हणजे टीव्हीकडे पाहणारी माणसे पलीकडच्यांना समोर पाहताना दिसतात. आणि टीव्हीचा आवाज बेताचा ठेवावा. तो लॅपटॉपच्या माइकमध्ये शिरला की पलीकडच्यांना आपलाच आवाज परत ऐकू येतो.

केव्हा घेऊ नये, आणि शेवटी काय करावे

टीव्हीचे चित्र आधीच अंधूक झाले असेल, रंग उडाले असतील, किंवा मुख्य गरज वाचण्याचीच असेल, तर हा खर्च करू नये. त्यापेक्षा कॉम्प्युटरचा वापरलेला मॉनिटर शोधावा. अक्षरांसाठी तो केव्हाही बरा. टीव्ही दुरुस्त करण्यासाठी घरी उघडू तर मुळीच नये. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ आत साठून राहू शकतो. ते मेकॅनिकचे काम आहे.

ज्या दिवशी टीव्ही खरोखर संपेल, त्या दिवशी तो फोडून तांबे काढणाऱ्याच्या हाती देऊ नये. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते आणि ती फुटली की त्याची धूळ त्या माणसाच्या अंगात आणि आपल्या अंगणात जाते. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू आहेत. नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्राचा पत्ता नगरपालिकेत विचारावा आणि तेथेच तो पोहोचवावा. कन्व्हर्टर मात्र जपून ठेवावा. शेजारच्या घरात तसलाच टीव्ही अजून कापड पांघरून बसलेला असू शकतो.