घराचं घड्याळ कोण लावतं?

इंदूरच्या मालवा हाउसमधून 1955 साली आकाशवाणीचं प्रक्षेपण सुरू झालं आणि शहरातल्या घरांना एक नवं घड्याळ मिळालं. भिंतीवरचं घड्याळ मागे-पुढे होई, रेडिओचं होत नसे. बातम्यांआधीचे ठोके ऐकून लोक मनगटावरचे काटे जुळवून घेत. सकाळच्या बातम्यांपर्यंत आंघोळ उरकायची, रात्रीच्या बातम्यांपर्यंत पानं वाढायची. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं, तेव्हा श्रोत्यांनी सरळ रेडिओ सिलोनकडे मोर्चा वळवला. 1952 मध्ये तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची रात्र ठरून गेली.

माध्यमं बदलली की आपण बोलतो ते बातम्यांच्या दर्जाबद्दल, भाषेबद्दल, मुलांच्या डोळ्यांबद्दल. मला वाटतं, नवं यंत्र घरात आल्यावर सगळ्यात आधी बदलते ती वेळ. कोण कधी जेवतं, कोण कोणाशेजारी बसतं, घर कधी गप्प होतं, हे ते यंत्र ठरवतं.

आमच्यासारख्या इंदूरच्या मराठी घरांची आणखी एक वेळ होती, रात्रीची. जेवणं झाली की वडील ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवून काटा केसभर इकडे, केसभर तिकडे करत. खरखरीतून मुंबई केंद्राचा मराठी आवाज वर यायचा, दोन मिनिटं स्वच्छ राहायचा आणि पुन्हा विरायचा. मग वडील अख्खा संच हळूच तिरपा करत, कारण आतला अँटेना लहरीच्या दिशेला नीट सामोरा आला तरच आवाज धरतो. दिवसा हे जमायचं नाही. सूर्यप्रकाशात वातावरणाच्या वरच्या भागात एक थर तयार होतो, तो मीडियम वेव्हच्या आकाशात जाणाऱ्या लहरी शोषून घेतो. रात्री तो थर विरतो, लहरी त्याहून उंच थरापर्यंत पोचतात आणि तिथून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. मराठी बातम्या अंधार पडल्यावरच इंदुरात पोचायच्या आणि त्यासाठी घर जागं राहायचं.

वाचनाचीही वेळ बांधलेली होती. 5 जून 1947 रोजी इंदुरात सुरू झालेल्या ‘नई दुनिया’ने इथल्या सकाळी घडवल्या. राहुल बारपुते हे मराठी भाषक गृहस्थ तिचे संपादक होते; राजेंद्र माथुर, प्रभाष जोशी अशी हिंदी पत्रकारितेतली मोठी माणसं तिथे तयार झाली. या दैनिकाच्या वाचकांच्या पत्रांच्या सदराचा दबदबा होता. पत्र लिहायचं, पोस्टात टाकायचं आणि छापून येण्याची वाट पाहायची. त्या वाट पाहण्यात राग निवायचा आणि मुद्दा उरायचा. मराठी वाचायला मिळायचं ते महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या संस्थांच्या ग्रंथालयांतून. या शहरात 1917, 1935 आणि 2001 अशी तीनदा मराठी साहित्य संमेलनं झाली, पण रोजच्या रोज ताजी मराठी घरात येणं ही चैनच होती.

ती चैन 1999 मध्ये सवयीची झाली. त्या वर्षी अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि केबलवरून संध्याकाळी मराठी मालिका दिवाणखान्यात आल्या. त्याच वर्षी इंदुरातूनच ‘वेबदुनिया’ हे हिंदी संकेतस्थळ सुरू झालं. पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. तेव्हा प्रत्येक संकेतस्थळाचा फाँट वेगळा असायचा आणि तो संगणकात नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसायची. युनिकोड रुळल्यावर हा जाच संपला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला गेल्या शंभर वर्षांत यंत्रांनी एवढं मोठं काही दिलं नसेल. आज पुण्यातली नात आणि इंदूरची आजी एकाच क्षणी एकच मराठी बातमी वाचू शकतात.

वाचू शकतात, पण वाचत नाहीत. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा आला. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं, बातमीपत्र पंधरा मिनिटांत संपतं. फोनवरचा प्रवाह संपत नाही, कारण तो संपू नये अशीच त्याची रचना आहे. शिवाय आपण कशावर थबकलो ते पाहून तो पुढचं वाढतो, त्यामुळे एकाच सोफ्यावरच्या दोघांच्या हातात दोन वेगळी जगं असतात. घराचं सामाईक घड्याळ इथे थांबलं.

विलंब गेल्याची किंमत याहून जबर आहे. इंदूरहून मुंबईकडे जाणारा आग्रा रोड ज्या धुळे जिल्ह्यातून जातो, त्याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी 1 जुलै 2018 रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. छापखाना आणि वाचक यांच्यामध्ये पूर्वी एक रात्र असायची आणि एक संपादक असायचा. त्या रात्रीचं मोल राईनपाड्याने दाखवून दिलं.

तरीही सामाईक वेळ पुन्हा उभी करता येते, हे इंदूरनेच दाखवलं आहे. सकाळी महापालिकेची कचरागाडी स्वच्छतेचं गाणं वाजवत गल्लीत शिरते आणि एकेका दारातून माणसं ओला-सुका वेगळा केलेला कचरा घेऊन बाहेर येतात. डॉक्टर, दुकानदार, धुणीभांडी करणाऱ्या मावशी, सगळे त्याच मिनिटाला. शेजारी एकमेकांची विचारपूस करतात. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर वर्षानुवर्षं पहिलं आलं. त्यात नियोजन आणि दंड यांचा वाटा आहेच, पण ठरलेल्या वेळी वाजणाऱ्या त्या भोंग्याचा वाटाही मी मोठा मानतो.

म्हणून इंदूरच्या, आणि बडोदा, ग्वाल्हेर, देवास इथल्याही, मराठी घरांना एक विनंती. लता मंगेशकर 28 सप्टेंबर 1929 रोजी इंदुरात जन्मल्या. शहराजवळ पिगडंबर इथे त्यांच्या नावाचं ग्रामोफोन रेकॉर्डचं संग्रहालय आहे आणि हजारो जुन्या रेकॉर्ड तिथे जपल्या आहेत. ध्यास घेतला तर आवाज टिकतो. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल, तर त्यांची मराठी, माळव्याचं पाणी लागलेली, होळकरी वळणाची, त्यांच्याबरोबरच जाईल. रात्रीच्या जेवणानंतरची पंधरा मिनिटं ठरवून टाका. बाकीचे फोन बाजूला, एकच फोन मध्ये, रेकॉर्डिंग सुरू. आधी तारीख, नाव आणि गल्ली बोलून घ्या. मग त्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी घरात रेडिओ कोण लावायचं. नातवंडांना तिथेच बसवा. या रविवारपासून सुरुवात करा.