कृषी केंद्रातली उमेदवारी

पूर्वी धंदा शिकायचा म्हणजे उमेदवारी करायची, अशी रीत होती. सोनाराचा, शिंप्याचा, वाण्याचा मुलगा आधी दुसऱ्याच्या दुकानात राही. झाडू मारी, पाणी भरी. मग कुठे त्याचा हात तराजूला लागे. १९६१ साली आपल्या देशात शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला आणि कारखान्यात काम शिकणाऱ्या पोरांना विद्यावेतन मिळू लागले. लहान दुकानातली उमेदवारी मात्र अजून बहुधा तोंडच्या बोलीवरच चालते.

अशाच एका उमेदवारीची हकिकत आज आम्ही सांगणार आहोत. आमच्या शेजारच्या घरचा एक मुलगा. शेतीच्या पदविकेची शेवटची परीक्षा देऊन बसला होता. त्याला पुढे कृषी केंद्र काढायचे होते. कृषी केंद्र म्हणजे बी-बियाणे, खते आणि पिकावरची औषधे विकण्याचे दुकान. गोंदिया जिल्ह्यात बाजाराच्या प्रत्येक गावी अशी दुकाने तुम्ही पाहिली आहेत. वाण्याचे दुकान कोणालाही काढता येते, पण हे नाही. बियाण्याचा परवाना वेगळा, खताचा वेगळा आणि कीटकनाशकाचा वेगळा. कीटकनाशक विकायचे तर शेतीचे किंवा विज्ञानाचे ठरावीक शिक्षणही लागते. मुलाजवळ शिक्षण होते. दुकानदारी येत नव्हती. म्हणून २०२४ सालच्या खरिपात, मे महिन्याच्या अखेरीस, तो आमगाव तालुक्यातल्या एका लहान कृषी केंद्रात राहिला. पोळ्यापर्यंत राहिला. रोज रात्री आमच्या ओसरीवर येई आणि आम्ही विचारू, "काय रे, आज काय शिकलास?"

पहिल्या आठवड्यात तो रागावलेलाच होता. "गुरुजी, मी पदविका घेतली ती पोती उचलायला का?" आम्ही हसलो. पण पोती रचण्यातही विद्या आहे, हे त्याला लवकरच कळले. खताची पोती जमिनीवर ठेवायची नाहीत, खाली लाकडी फळ्या घालायच्या. नाही तर ओल लागते आणि खताचे दगड होतात. बियाणे एका बाजूला, औषधे दुसऱ्या बाजूला. दोघांचा शेजार नको. आणि जुना माल पुढे, नवा माल मागे. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

दुसऱ्या आठवड्यात मालकांनी त्याला बियाण्याची पिशवी वाचायला बसवले. होय, वाचायलाच! पिशवीला एक चिठ्ठी शिवलेली असते. तिला लेबल म्हणतात. त्या चिठ्ठीचा रंग बोलतो, बरे का. निळी चिठ्ठी म्हणजे प्रमाणित बियाणे. सरकारच्या बीज प्रमाणीकरण यंत्रणेने शेतात जाऊन ते पीक पाहिलेले असते आणि बियाणे तपासलेले असते. आपल्या राज्याच्या या यंत्रणेचे मुख्य ठाणे अकोल्याला आहे. पांढरी चिठ्ठी पायाभूत बियाण्याची. त्यापासून प्रमाणित बियाणे तयार करतात. हिरवट चिठ्ठी म्हणजे सत्यदर्शक बियाणे. याला यंत्रणेचा दाखला नसतो. कंपनी स्वतःच सांगते की, आमचे बियाणे असे असे आहे. ते वाईटच असते असे नाही. पण जबाबदारी कंपनीची, म्हणून पावती अधिक जपावी.

रंग कळला की आकडे पाहावेत. धानाच्या प्रमाणित बियाण्याची उगवण १०० दाण्यांत निदान ८० असली पाहिजे. चाचणी कोणत्या तारखेला झाली, बियाणे कोणत्या तारखेपर्यंत चालेल, हेही तेथे लिहिलेले असते. साधारणपणे चाचणीपासून ९ महिने. मग लॉट नंबर. एका वेळी तयार झालेल्या मालाच्या ढिगाला एकच नंबर देतात. बियाणे फसले तर याच नंबरावरून ढीग शोधून काढता येतो.

नावाचीही एक गंमत आहे. आपल्याकडे 'दहा-दहा' नावाचे धान सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचे पुरते नाव एम.टी.यू. १०१०. ही अक्षरे कसली? आंध्र प्रदेशात मारुटेरू नावाचे गाव आहे. तेथे धानाचे संशोधन केंद्र आहे. त्या गावाच्या नावावरून ही अक्षरे आली. आणि 'एच.एम.टी.' तर आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले. जमीनही थोडकी. १९८३ साली त्यांना आपल्या बांधीत काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुन्हा पुन्हा पेरून पाहिल्या, आणि त्यातून बारीक दाण्याचे हे धान निघाले. त्या काळी एच.एम.टी.चे घड्याळ लोकांना फार आवडे. त्याचेच नाव या धानाला पडले. दादाजी २०१८ साली वारले. आम्ही मुलाला म्हटले, "तुझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांतही एखादा असा डोळस माणूस असेल. तेव्हा उगाच शहाणपण दाखवू नकोस."

आता आमचीच एक फजिती सांगतो. हा मुलगा तेव्हा जन्मलाही नव्हता. आम्ही शाळेत होतो आणि घरची दोन एकर धानाची जमीन होती. एका ओळखीच्या दुकानदाराने उघड्या पोत्यातले बियाणे दिले. म्हणाला, "गुरुजी, घरचंच समजा. पावती कशाला? दोन पैसे कमी पडतील." आम्हीही पावती मागितली नाही. धान निसवले तेव्हा काही झाडे कमरेइतकी, काही गुडघ्याइतकी. काही पिकून गळू लागली, तर काही अजून हिरवी. तीन-चार जातींची भेसळ होती. तक्रार करायला गेलो तर साहेबांनी विचारले, पावती? पिशवी? लॉट नंबर? आमच्या हाती काहीच नव्हते. दुसऱ्यांच्या पोरांना वाचायला शिकवणारा माणूस स्वतःचा कागद वाचायला विसरला! त्या साली घरात विकतचा तांदूळ खाल्ला.

म्हणून पावती घ्यावी. तिच्यावर जात, लॉट नंबर, वजन, किंमत आणि दुकानदाराची सही पाहावी. पेरणी झाली तरी रिकामी पिशवी, चिठ्ठी आणि मूठभर बियाणे जपून ठेवावे. उगवण झाली नाही तर ताबडतोब तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा. पऱ्हे वाळून गेल्यावर कोण काय पाहणार?

बियाण्याची परीक्षा घरीही होते. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने ठेवा, गुंडाळा आणि ओल टिकवा. आठवड्याभरात किती फुटले ते मोजा. घरचे धान बियाण्याला ठेवले असेल तर १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ते टाका. पोकळ दाणे वर तरंगतात, ते काढून टाकावे. तळाचे दाणे दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवावे. घरचे बियाणे सुधारित जातीचे असेल तर असे ठेवता येते. संकरित धानाचे मात्र ठेवू नये. ते दर वर्षी नवेच घ्यावे लागते.

मृग लागला आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. कोणी मराठी बोले, कोणी पोवारी, कोणी हिंदी. जवळच मध्य प्रदेश आणि छत्तीसगडची हद्द. मुलाचे काम अंगठ्याच्या यंत्रापाशी होते. खतावर सरकार कंपनीला अनुदान देते. खत खरोखर शेतकऱ्याला गेले की नाही, हे कळावे म्हणून आधार क्रमांक घेऊन यंत्रावर अंगठा लावतात. त्यातून पावती निघते. त्या हंगामात युरियाच्या पिशवीवर २६६ रुपये ५० पैसे छापलेले होते. पिशवी ४५ किलोची. पूर्वी ५० किलोची होती, २०१८ पासून कमी झाली. पुष्कळांना हे माहीत नव्हते. ते म्हणत, दुकानदाराने पाच किलो मारले!

पण सगळेच दुकानदार सरळ असतात असेही नाही. युरियाची ओढ लागली की काही जण सांगतात, "युरिया हवा तर ही बाटलीही घ्या." याला या धंद्यात लिंकिंग म्हणतात. हे बेकायदा आहे. मुलाने मालकांना विचारले. ते म्हणाले, "वरचे व्यापारी आमच्याही गळ्यात माल बांधतात. मी तो कोणावर लादत नाही. पण म्हणून माझ्या कपाटात न खपणाऱ्या किती बाटल्या पडल्या आहेत, ते मोज." मुलाने मोजल्या. बऱ्याच होत्या. आम्हाला दुकानदाराची कीव आली, पण ती बाटली शेवटी ज्याच्या गळ्यात पडते त्याची अधिक आली.

ऑगस्टमध्ये एक म्हातारे शेतकरी आले. "मले तेच औषध पायजे, मागच्या साली देल्लं होतं ते. निळ्या झाकणाचं." मुलाने कपाटातून बाटली काढलीच होती. मालक म्हणाले, "थांब. बाबाजी, पान आणलं का?" बाबाजींनी धोतराच्या सोग्यातून धानाचे पान काढले. पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके होते. मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. मालक मुलाला म्हणाले, "हा करपा आहे. बुरशीचा रोग. मागच्या साली यांच्या बांधीत तुडतुडे होते. तुडतुडे बुंध्याशी बसून रस पितात, मग धान गोलगोल जागी जळल्यासारखं दिसतं. तेव्हा बांधीतलं पाणी काढावं लागतं. किडीचं औषध करप्याला चालत नाही." बाबाजींना करप्याचे औषध दिले आणि युरिया काही दिवस टाकू नका म्हणून सांगितले. जास्त युरियाने करपा वाढतो. त्या रात्री मुलगा फार बोलला नाही. "गुरुजी, परीक्षेत करप्यावर मी पुरे गुण घेतले होते," एवढेच म्हणाला.

औषधाच्या बाटलीवर चौकोन उभा करून काढलेला असतो. त्याचा खालचा भाग रंगीत असतो. लाल रंग म्हणजे अति जहाल विष. पिवळा त्याहून थोडे कमी, पण तेही जहालच. मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे अमृत नव्हे! तेही विषच, फक्त त्यातल्या त्यात सौम्य. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विष भिनून सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर मेले. शेकडो दवाखान्यात पडले. ही दूरची गोष्ट समजू नका. वारा तोंडावर येत असताना फवारू नये. तोंड-नाक झाकावे, हातमोजे घालावे. दोन-तीन औषधे मनानेच एकत्र करू नयेत. फवारणी करताना बिडी ओढू नये, खर्रा खाऊ नये. औषध दुसऱ्या बाटलीत ओतून घरात ठेवू नये. कोणाला मळमळ, घाम, अंधारी आली तर दवाखान्यात नेताना औषधाची बाटलीही न्यावी. तिच्यावरच्या कागदात उतारा लिहिलेला असतो आणि डॉक्टरला तो पाहता येतो.

आता ती जुन्या-नव्या मालाची गोष्ट. ती जूनमधली आहे, पण मुलाने आम्हाला पोळ्याच्या सुमारास सांगितली. इतके दिवस लाजत होता. आमच्या साक्षरता वर्गातली एक बाई धानाचे बियाणे घ्यायला गेली होती. गर्दी होती. मुलाने पिशवी दिली, पैसे घेतले, पावती फाडली. बाई बाजूला जाऊन चिठ्ठीवर बोट ठेवून उभी राहिली. चिठ्ठीवरची अक्षरे इंग्रजी होती. पण मोबाईलमुळे इंग्रजी आकडे तिला येत होते. ती परत आली. "भाऊ, इथं मे लिहिलं आहे. आता तर जून लागला."

मागचे लोक ओरडू लागले, "बाई, चला पुढं!" मुलगाही म्हणाला, "काही होत नाही, काकू. आठ-दहा दिवसांचा तर फरक आहे." बाई हलली नाही. "मंग तुम्ही लिहून द्या, उगवलं नाही तर पैसे देईन म्हणून." गडबड ऐकून मालक उठून आले. त्यांनी चिठ्ठी पाहिली आणि मुलाकडे पाहिले. नवा माल त्यानेच घाईघाईने पुढे रचला होता. जुन्या चार पिशव्या मागे दबून राहिल्या होत्या. गर्दीत ढीग कोसळला, तेव्हा त्यातली एक त्याच्या हाती आली. मालकांनी बाईला दुसरी पिशवी दिली. उरलेल्या जुन्या पिशव्या बाहेर काढून त्यांवर 'विक्रीसाठी नाही' असा कागद लावला. मुलाला सगळ्यांसमोर एक शब्दही बोलले नाहीत. रात्री दुकान बंद झाल्यावर मात्र सगळा माल उतरवून त्याच्याकडून पुन्हा रचून घेतला. त्याला घरी यायला साडेअकरा झाले होते. आम्ही तेव्हा कारण विचारले, तर म्हणाला, "गाडी उशिरा आली."

पोळ्याच्या आदल्या दिवशी मालकांनी त्याला ठरलेले पैसे दिले आणि उधारीची वही दाखवली. धान विकले जाईपर्यंत अर्धे गाव उधारीवर असते. दुकान काढायचे तर ही वही सोसण्याइतके भांडवल पाहिजे, असे ते म्हणाले. तेवढे त्याच्याजवळ नाही. परवान्याचे कागद तो गोळा करतो आहे, जागाही पाहिली आहे. ती बाई आमच्या वर्गाला अजून येते. बाजारातून आणलेले चहाचे पुडे, साबणाच्या वड्या, गोळ्यांची पाकिटे घेऊन येते आणि कोठे कोणती तारीख लिहिली आहे, ते आम्हाला दाखवते. मागच्या सोमवारी आमच्याच खिशातल्या खोकल्याच्या गोळ्या तिने मागून घेतल्या. त्यांची मुदत संपून चार महिने झाले होते.